दहा नॅनोसेकंदांचा हिशेब

रॅमच्या पाकिटावर एक आकडा ठळक असतो आणि चार बारीक. ठळक आकडा वेगाचा: ३२००, ३६००, ६०००. बारीक आकडे एका ओळीत, मधे आडव्या रेघा देऊन: १६-१८-१८-३८. मी गेमिंगचे पीसी जोडून देतो. माझ्याकडे येणारी पोरं ठळक आकडा पाठ करूनच येतात. ‘दादा, छत्तीसशेचीच टाका, बत्तीसशे नको.’ बरोबर वडील असतील तर ते पाकीट उलटसुलट करून किमतीची पट्टी शोधतात. बारीक आकड्यांकडे सहसा कोणी बघत नाही, आणि माझं निम्मं काम तिथून सुरू होतं.

ते चार आकडे वाट पाहण्याचे आहेत. प्रोसेसरने काही मागितलं, की ते हातात पडेपर्यंत रॅमच्या घड्याळाचे किती ठोके जातात, याचा तो हिशेब. सातबारा ऑनलाइन होण्याआधीचं तलाठ्याचं दप्तर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळतं. फडताळातून नेमकं रजिस्टर काढून टेबलावर उघडायचं, हा दुसरा आकडा. उघड्या रजिस्टरातली नोंद शोधून वाचून दाखवायची, हा पहिला. त्यालाच आम्ही सीएल म्हणतो. ते मिटून फडताळात परत ठेवायचं, हा तिसरा. आणि एकदा काढलेलं रजिस्टर किमान किती वेळ टेबलावर राहू द्यायचं, हा चौथा. पुढची नोंद त्याच रजिस्टरात निघाली तर काम झटपट होतं. दुसऱ्या गावची निघाली, की पुन्हा ठेवा, पुन्हा काढा.

गंमत अशी, की हे आकडे ठोक्यांचे आहेत, वेळेचे नाहीत. घड्याळ जलद चालायला लागलं की एकेक ठोका लहान होतो. म्हणून १६ हा १८पेक्षा लहान आहे एवढ्यावर काही ठरत नाही. खरी वेळ काढायची असेल तर सीएलला २०००ने गुणायचं आणि ठळक आकड्याने भागायचं. दोन हजारच का, तर डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माल देते आणि ठळक आकडा त्या देण्यांचा असतो. ३२००ची रॅम खरं तर १६०० मेगाहर्ट्झवर चालते. घरी गेल्यावर सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं, की ‘दादा, निम्मीच रॅम दिली’ म्हणून फोन येतो, तो याचमुळे.

आता भागाकार करून बघा. ३२०० आणि सीएल १६: दहा नॅनोसेकंद. ३६०० आणि सीएल १८: दहा. डीडीआर५ची ६००० आणि सीएल ३०: तीही दहा. मागे जा. पहिल्या डीडीआरच्या जमान्यात ४००ची, सीएल २ असलेली रॅम चांगली समजली जाई. तिचाही भागाकार दहाच. वीसेक वर्षांत ठळक आकडा पंधरा पट झाला, पण पहिली नोंद हातात पडायची वेळ जागची हलली नाही.

याचं कारण रॅमच्या पोटात आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट, ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८ सालचं. त्या इवल्याशा कपॅसिटरमध्ये विजेचा भार इतका थोडा असतो, की तो शून्य आहे की एक हे ओळखायला वेळ द्यावाच लागतो. शिवाय तो भार गळत राहतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळ्या ओळी पुन्हा भरून घ्याव्या लागतात. कंपन्यांनी वेग वाढवला तो एका खेपेला जास्त नोंदी उचलून. त्यामुळे एका चॅनेलमधून सेकंदाला ३.२ गिगाबाइट जात होते तिथे आज ४८ जातात. पहिल्या नोंदीची वाट मात्र तेवढीच राहिली.

गेमला यातलं काय लागतं? व्हिडिओ एडिटिंगवाल्याला एकामागून एक सलग माल हवा असतो, त्याला ठळक आकडा उपयोगी. गेममध्ये प्रोसेसर इथलं थोडं, तिथलं थोडं असं विखुरलेलं मागत राहतो. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडं की बंद. कॅशमध्ये सापडलं तर ठीक. नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं, आणि पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची त्यात शेकडो चक्रं फुकट जातात. सरासरी एफपीएसमध्ये ही वाट फारशी दिसत नाही. ती दिसते मधेच बसणाऱ्या हिसक्यात. म्हणून मी सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम कशा आल्या ते बघतो.

पण इथेच हात आवरावाही लागतो. पाकिटावरचे दहा नॅनोसेकंद हे त्या वाटेचा एक तुकडा आहेत. प्रोसेसरमधून निघून, मेमरी कंट्रोलरमधून जाऊन परत यायला सगळे मिळून सत्तर-ऐंशी लागतात. सीएल ३०च्या जागी ३६ घेतला तर दहाचे बारा होतात. म्हणजे ऐंशीतले दोन. त्या दोनासाठी किती पैसे मोजायचे, हा खरा प्रश्न.

त्याला माझं एकच उत्तर नसतं. मी आधी विचारतो, ‘काय खेळतोस, आणि कुठल्या स्क्रीनवर?’ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक, १०८०पी, १४४ किंवा २४० हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर तिथे ग्राफिक्स कार्ड मोकळं असतं आणि प्रोसेसर घामाघूम. त्या पोराला टायमिंगचा फरक जाणवेल. फोर-के टीव्हीवर गोष्टीचे मोठे गेम खेळणार असेल, तर सगळे ग्राफिक्स कार्डासाठी ताटकळलेले असतात. रॅम कितीही चलाख असली तरी तीही त्याच रांगेत. आणि प्रोसेसर ५८००एक्स३डी किंवा ७८००एक्स३डी असेल, तर ९६ मेगाबाइटच्या एल३ कॅशमुळे रॅमकडे जायची वेळच कमी येते. त्याने महाग रॅम घेणं म्हणजे हौस. उलट ५६००जीसारख्या प्रोसेसरवर, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय खेळणारा गरीब गडी असतो, त्याचं चित्रही रॅममधूनच काढलं जातं. त्याला ठळक आकडा पुरेपूर लागतो. स्वस्तातली रॅम नेमकी त्याच्याच गळ्यात बांधली जाते.

वेगालाही वरून मर्यादा आहे. डीडीआर४च्या रायझनवर रॅम आणि प्रोसेसरच्या आतली इन्फिनिटी फॅब्रिक एकाच तालात चालावी लागतात. ३६००पर्यंत ते सहसा जमतं. त्याच्या फार वर गेलं की ताल तुटतो, आणि मोठ्या आकड्याची रॅम उलट उशिरा उत्तर देते. रायझन ७०००च्या पिढीत ६०००, सीएल ३० ही जोडी लोकप्रिय झाली ती अशाच हिशेबातून. ‘सात हजार दोनशेची का नको?’ असं कोणी विचारलं, की मी विचारतो, ‘बोर्ड कुठला घेतलाय?’

सगळ्यात फसवी पाकिटं एकसारख्या ठळक आकड्याची. ३२०० सीएल १६ आणि ३२०० सीएल २२ शेजारी शेजारी टांगलेली असतात. दुसरीचा भागाकार पावणेचौदा येतो. किमतीत थोडासाच फरक असेल, तर तेवढे पैसे मी आग्रहाने खर्च करायला लावतो. फरक मोठा असेल तर आग्रह सोडतो.

कारण टायमिंगच्या आधी तीन गोष्टी येतात आणि त्यांच्यापुढे दोन-चार नॅनोसेकंद किरकोळ आहेत. पहिली, पुरेशी रॅम. सोळा जीबीत गेम मावत नसेल तर प्रोसेसरला एसएसडीपर्यंत धावावं लागतं, आणि तिथे हिशेब नॅनोसेकंदांचा राहतच नाही. दुसरी, दोन स्टिकची जोडी. ‘आत्ता सोळाची एकच टाका, पुढे दिवाळीला दुसरी बघू,’ हे वाक्य वडिलांच्या तोंडी हमखास येतं. एकच स्टिक म्हणजे डीडीआर४मध्ये अर्धा रस्ता बंद. शिवाय दिवाळीला आणलेल्या स्टिकवर नाव तेच असलं तरी आत चिप सॅमसंगची, एसके हायनिक्सची की मायक्रॉनची, ते सांगता येत नाही. दोघींचं पटलं नाही तर दोघींना मंद चालावं लागतं. तिसरी गोष्ट फुकट आहे: बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे पाकिटावरचा वेग लागू करणारी सोय, चालू करणं. ते केलं नाही तर ६०००ची रॅम ४८००वर मुकाट्याने चालत राहते, आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मी पीसी हातात देण्याआधी ते चालू करतो आणि मेमटेस्ट८६ लावून ठेवतो. पाकिटावर लिहिलेला वेग हा शेवटी त्या बोर्डावर, त्या प्रोसेसरबरोबर टिकला तरच खरा.

२०२५च्या अखेरीपासून या सगळ्याला भावाची किनार आली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की जगातल्या तीन मोठ्या उत्पादकांनी आपला माल तिकडे वळवला. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमचे भाव सोन्यासारखे विचारून घ्यायची वेळ आली. अशा बाजारात मी सीएल ३६ची ३२ जीबी जोडी निःशंकपणे सुचवतो. सीएल ३०च्या हट्टापायी १६ जीबीवर भागवू पाहणाऱ्याला मात्र मी थोडा वेळ बसवून घेतो, कागदावर भागाकार करून दाखवतो.

यातून पैसे वाचले तर ग्राफिक्स कार्डात घाला. तेही झालं असेल तर चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घाला. त्याचा आकडा कोणी मित्रांना सांगत नाही, म्हणून काटकसर सगळे तिथेच करतात.