कांद्याचंच पाणी पुरतं

चेन्नईत कांद्याचा पकोडा मिठाईच्या दुकानात वजनावर मिळतो. काचेच्या कपाटात जांगिरी आणि म्हैसूरपाक, शेजारी परातीत पकोड्याचा ढीग. शंभर-दोनशे ग्रॅम मागितला की कागदी पिशवीत भरून देतात. संध्याकाळी आणलेला हा पकोडा रात्री जेवताना ताकभाताबरोबर खाल्ला तरी कुरकुरीत असतो. मला याचंच नवल वाटायचं. आपली खेकडा भजी कढईतून काढल्यावर खावी ती तेव्हाच. अर्ध्या तासात ती मलूल होते.

आम्ही पश्चिम मांबलममध्ये भाड्याने राहतो. मी घरून काम करतो. मुलगी चारच्या सुमाराला शाळेतून येते, बायको ऑफिसातून यायला साडेसहा तरी होतात. दोन वेळा कढई चढवणं मला जमण्यासारखं नव्हतं. चारला तळलेलं साडेसहाला खाता यावं, एवढीच माझी गरज होती.

ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस सुरू झाला. आपल्याकडचा पाऊस परतला की इथला लागतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. अशा हवेत दुकानापर्यंत जायचा कंटाळा येतो आणि तळणीची आठवण जास्त येते. मी घरच्या पद्धतीने भजी केली. कांदा उभा चिरला, मीठ, तिखट, ओवा आणि बसेल तेवढं बेसन. गरम असताना छान लागली. साडेसहाला बायकोने एक उचलली, वाकवली, ती मोडलीच नाही. ती काही बोलली नाही, पण दुसरी घेतलीही नाही.

पुढच्या वेळी बेसन वाढवलं. बाहेरून कडक झाली, आत पिठाचा गोळा राहिला. मग चिमूटभर सोडा घातला. ती फुलली खरी, पण इतकं तेल प्यायली की कागदाचे दोन थर भिजले.

शेवटी समोरच्या अक्कांना विचारलं. त्या तिरुनेलवेलीकडच्या. मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. आमचं बोलणं थोडं हिंदी, थोडं तमिळ आणि बरंचसं हातवारे असं चालतं. त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि आधी कांदा हातात घेऊन दाबून पाहिला. “पुदु वेंगायम,” म्हणाल्या. नवा कांदा.

माझं गाव निफाड तालुक्यातलं, त्यामुळे पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. इथे मोठ्या कांद्याला बल्लारी म्हणत असले तरी त्यातला बराच माल आपल्या नाशिककडून येतो. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा तोपर्यंत संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा बाजारात उतरू लागतो. लाल कांद्यात पाणी जास्त, म्हणून तो टिकतही नाही. त्याला मीठ लावलं की पाणी सुटतच राहतं आणि ते पाणी पिईल तेवढं बेसन आपण घालत जातो. माझ्या भजीत गोळा होत होता तो यामुळे.

अक्कांनी केलं ते असं. तीन मध्यम कांदे, साधारण ३०० ग्रॅम. उभे आणि पातळ चिरले, पण कागदासारखे नाहीत. फार पातळ कांदा आधी करपतो. चिरल्यावर पाकळ्या बोटांनी सुट्ट्या केल्या. त्यावर पाऊण चमचा मीठ, दोन हिरव्या मिरच्या, किसलेलं आलं, दोन काड्या कढीपत्ता हाताने तोडून, हिंग आणि अर्धा चमचा बडीशेप जाडसर ठेचून. दुकानातल्या पकोड्याला जो वास असतो तो या बडीशेपेचा. हे सगळं नीट चोळून दहा मिनिटं ठेवलं.

दहा मिनिटांनी परातीच्या तळाशी पाणी दिसू लागलं. उन्हाळ कांदा असता तर तेवढं चाललं असतं, असं अक्का म्हणाल्या. नव्या कांद्याचं मात्र त्यांनी मुठीत हलकं पिळून थोडं वाटीत काढून ठेवलं. फेकलं नाही.

मग एक वाटी बेसन आणि पाव वाटी तांदळाचं पीठ. आपलं भाकरीचं पीठ चालतं. माझ्या भजीत नेमकं हेच नव्हतं. नुसत्या बेसनाचा पापुद्रा हवेतला दमटपणा लागला की लवकर नरमतो, तांदळाच्या पिठाने त्याला कडकपणा येतो. पण तेही बेताने. अर्धी वाटी घातलं तर पकोडा दाताला दगडासारखा लागतो. दोन्ही पिठं आधी कोरडी एकत्र केली. त्यात पळीभर कडकडीत तेल घातलं आणि बोटांनी चोळलं. पीठ रवाळ झालं. हे मोहन. मी नंतर एकदा हौसेने दुप्पट मोहन घातलं तेव्हा पकोडा तेलात सुटून त्याचा चुरा झाला, म्हणून पळीभर म्हणजे पळीभरच.

ते पीठ कांद्यावर भुरभुरून वरखाली केलं. मळलं नाही. मिश्रण कोरडं वाटलं म्हणून मी नळाकडे वळलो, तर अक्कांनी हात धरला आणि वाटीतलं कांद्याचं पाणी दाखवलं. त्यातलं चमचाभर शिंपडलं, तेवढं पुरलं. मिश्रणाची मूठ वळली तर वळावी आणि बोट लावलं की फुटावी, इतपतच ओल.

कढईत शेंगदाण्याचं तेल होतं. पिठाचा कण टाकला की लगेच वर यावा पण लाल होऊ नये, असं तापवलं. मिश्रण चिमटीने विस्कटून सोडलं, गोळा करून नाही. कढई भरून टाकली नाही, कारण तेल एकदम थंड होतं. सुरुवातीला खूप फेस येतो. आच मध्यम ठेवायची आणि फेस बसेपर्यंत थांबायचं. एका घाण्याला चार-पाच मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत रंग येतो, पण आतलं पाणी तसंच राहतं आणि तेच नंतर पकोडा मऊ करतं. झाऱ्याने हलवल्यावर खडखड आवाज आला की काढायचा. रंग हवा त्याहून जरा फिका असतानाच, कारण बाहेर काढल्यावर तो आणखी गडद होतो.

शेवटी कढीपत्त्याची पानं तळून वरून टाकली. पानं आधी फडक्याने कोरडी करा. ओली पानं तेलात पडली की तेल उडतं. माझ्या मनगटावर एक डाग आहे.

त्या दिवशीही साडेसहाला पकोडा थोडा मऊ पडला. पाककृतीत काही चुकलं नव्हतं. मी तो गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं होतं आणि वाफ आतच राहिली होती. आता मी चाळणीवर पसरून ठेवतो, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरतो. अशाने रात्रीपर्यंत टिकतो. दुकानातल्याइतका खणखणीत नसतो, पण बायको दुसऱ्यांदा हात घालते.

साठवणीतला जुना उन्हाळ कांदा असतो तेव्हा पिळायची गरज पडत नाही. तेव्हा दहाऐवजी पंधरा मिनिटं ठेवतो. पीठ घालण्याआधी दर वेळी कांद्याला किती पाणी सुटलंय ते पाहतो. वाटीचं माप त्यानंतर.

एवढं करूनही एखादा घाणा नरम निघाला तर परत तळू नका, फार तेल ओढतो. इथे असा पकोडा उकळत्या कुळंबूत, म्हणजे इथल्या रश्श्यात, सोडतात. मी आपल्या ताकाच्या कढीत सोडतो, वाढण्याआधी पाच मिनिटं.