हिगिन्सचा व्हाईट बॉल

स्नूकर शिकवणारा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट सांगत असतो : हलू नकोस. हनुवटी क्यूला टेकलेली, मागचा पाय रोवलेला, खांदा स्थिर आणि बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज येईपर्यंत डोकं खाली. माझ्याकडे येणारी मुलं सुरुवातीला बराच काळ दुसरं काही करतच नाहीत. रिकाम्या टेबलावर व्हाईट बॉल ब्राऊन, ब्लू, पिंक, ब्लॅक या चारही स्पॉटांवरून सरळ वर मारायचा. तो कुशनला लागून त्याच रेषेत परत क्यूच्या टिपेशी आला पाहिजे. हे अंगात मुरलं की मी त्यांना दोनदा जगज्जेता झालेल्या ॲलेक्स हिगिन्सचा खेळ दाखवतो. आधी दाखवत नाही, कारण मी शिकवलेलं त्यात काहीच दिसत नाही. शॉट मारता मारता हा माणूस ताडकन उठतो, मान झटकतो, क्यू भलत्याच दिशेला जातो आणि रेड मात्र पॉकेटात असतो.

हिगिन्सची दारू, त्याच्या मारामाऱ्या, त्याची दोन मोडलेली लग्नं यांवर खूप लिहिलं गेलंय. त्याच्या हातावर त्या मानानं कमीच. माझं मत असं की त्याचं तंत्र चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. हळू गतीनं पाहिलं की टीप व्हाईटला भिडेपर्यंत क्यू बहुतेक वेळा रेषेतच दिसतो. झटका दिसतो तो त्यानंतर. त्याचे लांबचे शॉट कधी कधी अगदी सोप्या जागी चुकत, तेही याच झटक्यामुळे, तो क्षणभर आधी आला म्हणून. पण टेबलावर कुठून कुठे जाता येतं, याची त्याची समज त्याच्या काळात कुणाकडे नव्हती.

१९८२च्या जागतिक स्पर्धेची सेमीफायनल, शेफील्डचं क्रूसिबल थिएटर. समोर वीस वर्षांचा जिमी व्हाईट १५-१४ असा पुढे, आणि १६ फ्रेम आधी जिंकणारा फायनलमध्ये जाणार. या फ्रेममध्ये जिमीचे ५९, हिगिन्सचा शून्य. तिथे जिमीचा एक रेड चुकला आणि हिगिन्स टेबलाशी आला. पुढचा ६९चा ब्रेक, म्हणजे एकाच डावात सलग केलेले गुण, मी मुलांना शॉट-शॉट थांबवून दाखवतो. चांगला ब्रेक कसा असतो? प्रत्येक शॉटनंतर व्हाईट पुढच्या बॉलजवळ आयता येऊन थांबतो, खेळाडूला कठीण असं काही मारावंच लागत नाही. इथे उलटं आहे. कलर बॉल उरेपर्यंत हिगिन्सची पोझिशन जवळजवळ प्रत्येक वेळी बिघडलेली आहे. एका जागी तर ब्लू खेळ सुरू होतो त्या बॉक बाजूच्या कोपऱ्यात, ग्रीनकडच्या पॉकेटात घालायचा होता. सावकाश घातला असता तर पुढचा रेड सोपा होता. त्यानं डावी साईड, म्हणजे बाजूची फिरकी, देऊन जबरदस्त स्क्रू, म्हणजे व्हाईट मागे खेचणारा शॉट, मारला, व्हाईट साईड कुशनला लागून थेट पिंक-ब्लॅकच्या टापूत गेला, आणि गरजेपेक्षा थोडा जास्तच. मग पुढचा रेड पुन्हा अवघड. तोही गेला. फ्रेम ६९-५९, नंतर सामना १६-१५.

माझ्या विद्यार्थ्यानं स्पर्धेत असा ब्लू मारला तर मी त्याला त्या दिवशी खेळू देणार नाही. आणि तरीही मी म्हणतो, स्नूकरमध्ये मी पाहिलेला हा सर्वांत मोठा ब्रेक आहे, १४७च्या कमाल ब्रेकपेक्षाही मोठा. कारण १४७ जुळून आलेल्या टेबलावर होतो. हा ६९ प्रत्येक वळणावर संपायला आला होता आणि प्रत्येक वेळी हरण्यापासून एका शॉटवर होता.

असा बेधडक खेळ कुठून येतो? स्नूकरचा जन्म तर आपल्याकडचा. १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं तो सुरू केला, उटीच्या क्लबात त्याचे नियम बसले. आपल्याकडे त्यामुळे तो जिमखान्यांचा आणि क्लबांचा खेळ राहिला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तेव्हाही या टेबलाभोवतीचा शिष्टाचार ठरलेला होता. हिगिन्स या परंपरेतला नव्हताच. बेलफास्टच्या कामगार वस्तीत, १९४९चा जन्म. ‘जॅमपॉट’ नावाच्या बिलियर्ड हॉलमध्ये शाळकरी वयात पैशांवर खेळणाऱ्या मोठ्या माणसांसमोर तो शिकला. तिथे हळू खेळणाऱ्याला टेबल मिळत नसणार. किशोरवयात जॉकी होण्यासाठी तो इंग्लंडला वाँटेजच्या तबेल्यात गेला. वजन वाढलं, जॉकी होणं राहिलं. परत येऊन १९६८मध्ये उत्तर आयर्लंडचं हौशी विजेतेपद घेतलं आणि लवकरच व्यावसायिक झाला.

१९७२मध्ये पहिल्याच प्रयत्नात तो जगज्जेता झाला. पात्रता फेऱ्यांतून आला, सेमीफायनलला रेक्स विल्यम्सला ३१-३० असं हरवलं, फायनलला जॉन स्पेन्सरला ३७-३२. ही फायनल बर्मिंगहॅमच्या सेली पार्कमध्ये, माजी सैनिकांच्या एका क्लबात झाली. इंग्लंडात कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता, वीज जात होती, जनरेटर लावावा लागला. बावीस वर्षांच्या या जगज्जेत्याला ४८० पौंड मिळाले. दहा वर्षांनी, १९८२च्या विजेत्याचं बक्षीस होतं २५,००० पौंड. ही वाढ रंगीत टीव्हीनं झाली, प्रायोजकांनी झाली, आणि बरीचशी हिगिन्समुळे झाली, असं मी ठामपणे म्हणेन. संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू न देण्याचा खेळ, कळत नव्हती. त्याला हा बारीक, अस्वस्थ, टेबलाभोवती जवळजवळ धावणारा, बो टाय नको म्हणून डॉक्टरची चिठ्ठी आणणारा माणूस कळत होता.

पण प्रेक्षकांचं हे प्रेम त्याला महागही पडलं. १९८०च्या फायनलमध्ये तो क्लिफ थॉर्बर्नविरुद्ध ९-५ असा पुढे होता. थॉर्बर्न संथ, चिवट. हिगिन्स लोकांसाठी खेळू लागला, आघाडी गेली, सामना १८-१६ असा गेला. १९८२च्या फायनलला मात्र रे रिअर्डननं १५-१५ केल्यावर त्यानं सलग तीन फ्रेम घेतल्या, शेवटची १३५च्या ब्रेकनं. मग रडत रडत त्यानं बायकोला हाक मारली आणि तान्ह्या मुलीला कडेवर घेतलं. खेळाशी संबंध नसलेल्या लोकांनाही ते दृश्य आठवतं.

मला स्वतःला १९८३ची यूके चॅम्पियनशिप जास्त महत्त्वाची वाटते. स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध फायनलला तो ०-७ मागे होता. डेव्हिस तेव्हा खेळाचं व्याकरणच होता. अशा माणसाला नुसत्या झंझावातानं मागे टाकता येत नाही. हिगिन्सनं १६-१५ असा तो सामना काढला, तो सेफ्टी खेळत, व्हाईट बॉक कुशनला चिकटवत, डेव्हिसला एकही रेड दिसणार नाही अशी जागा शोधत. ‘हरिकेन’ या टोपणनावानं त्याच्या खेळातला हा भाग झाकून टाकला.

पुढचा उतार वेगानं आला. १९८६मध्ये प्रेस्टनला उत्तेजक चाचणीवरून वाद झाला आणि त्यानं स्पर्धा संचालकाला डोक्यानं धडक दिली. १२,००० पौंड दंड, पाच स्पर्धांची बंदी. १९९०मध्ये डेनिस टेलर या आपल्याच भागातल्या सहकाऱ्याला गोळी घालण्याची धमकी दिली, जागतिक स्पर्धेत एका अधिकाऱ्याला ठोसा मारला. पुढचा अख्खा हंगाम बंदी. बेलफास्टमध्ये त्या वर्षांत माणसं खरोखर गोळ्यांनी मरत होती, तेव्हा त्या धमकीसाठी मी कुठलीही सबब देणार नाही. ज्यांनी मार खाल्ला तेही खेळातली माणसं होती.

मात्र दारूनं तो असा खेळायचा, हे कुणी कौतुकानं सांगितलं की मला राग येतो. दारूनं त्याच्याकडून खेळ काढून घेतला. नंतरच्या सामन्यांत मनगटातला जोर ओसरलेला स्पष्ट दिसतो. तो ब्लूचा स्क्रू त्याला पुन्हा जमला नसता. आणि त्या काळी ग्लास आणि सिगारेट टेबलाशेजारीच असत. जागतिक स्पर्धा १९७६पासून २००५पर्यंत एका सिगारेट कंपनीच्या नावानं खेळली गेली, मास्टर्स ही स्पर्धा दुसऱ्या एकीच्या. व्यसनी माणसाला रोज संध्याकाळी तिथेच कामाला जायचं होतं. १९९८च्या सुमारास त्याला घशाचा कर्करोग झाला. उपचारांनी दात गेले, खाणं सुटलं. दात बसवायला जुन्या सहकाऱ्यांनी आणि चाहत्यांनी पैसे उभे केले, पण शरीर ते सोसण्याच्या पलीकडे गेलं होतं. २४ जुलै २०१० रोजी बेलफास्टमधल्या फ्लॅटमध्ये तो मृत सापडला, वय ६१.

मुलं विचारतात, आज असता तर जिंकला असता का? मी त्यांना १९८९ची आयरिश मास्टर्स दाखवतो. काही आठवड्यांपूर्वी त्याचा घोटा मोडला होता. चाळिशीचा हिगिन्स लंगडत टेबलाभोवती फिरतोय, समोर वीस वर्षांचा स्टीफन हेन्ड्री, ज्याचं पुढचं दशक होतं. पाय धड टेकत नाही म्हणजे जोराचे शॉट कमी, अंगाचा झटका कमी. उरतो तो अंदाज, आणि व्हाईट कुठे ठेवायचा याची जाण. त्यानं ९-८ असा सामना जिंकला. आजचं कापड तेव्हापेक्षा बारीक आणि वेगवान आहे, व्हाईट फिरवायला तेवढा जोर लागत नाही. आजच्या टेबलावर तो बरेच सामने जिंकला असता, असं मला वाटतं, आणि मुलांना मी तसंच सांगतो.