भीतीचे एकासन

जैन कुटुंबात तप हा कौतुकाचा विषय असतो. घरातील कोणी एकासन केले, आयंबिल केले, तर इतरांना त्याचा आनंद होतो आणि त्याचे कारण कोणी विचारत नाही. तप का केले, असे विचारणे औचित्याला सोडून वाटते. ही रीत चांगली आहे. पण एका आजारी माणसाच्या बाबतीत तीच काही महिने आड आली. गुदाशयाच्या कर्करोगातून बरे झालेल्यांच्या घरी त्यांची हकीकत उपयोगी पडावी.

हे गृहस्थ साठीच्या आसपासचे. सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेत त्यांचे आडतीचे दुकान आहे. ज्वारी आणि तूर हा मुख्य माल. घरात आणि पेठेत सगळे त्यांना भाऊ म्हणतात. नवकारसी आणि चौविहार ही त्यांची तरुणपणापासूनची नित्याची पच्चक्खाणे. शौचावाटे रक्त जाऊ लागले तेव्हा मूळव्याध असेल असे समजून त्यांनी सहा-सात महिने चूर्णावर काढले. पुढे वजन उतरू लागले, दुर्बिणीने तपासणी झाली आणि गुदाशयात गाठ सापडली. मुंबईला पाच आठवडे किरणोपचार व त्याबरोबर गोळ्या, काही आठवड्यांच्या अंतराने शस्त्रक्रिया, पोटावर तात्पुरती पिशवी, केमोथेरपी आणि अखेरीस पिशवी काढून आतडे पुन्हा जोडण्याची दुसरी शस्त्रक्रिया, यांत वर्ष सरले. रोग आटोक्यात आला. संकट टळले असे घराला वाटले. खाण्याचा खरा प्रश्न मात्र तेथून पुढे सुरू झाला.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण 12 ते 15 सेंटिमीटरचा भाग. मळ साठवून धरणे आणि योग्य वेळी मेंदूला सूचना देणे हे त्याचे काम. तो काढून वरचे आतडे खाली जोडले, की मार्ग पूर्ववत होतो, पण साठवण पूर्वीसारखी राहत नाही. किरणोपचारांमुळे तेथील भाग ताठर झालेला असतो. परिणामी दिवसातून अनेक वेळा शौचास जावे लागते, तासाभरात तीन-चार खेपा होतात, आणि वेग आला की क्षणभरही थांबता येत नाही. डॉक्टर या लक्षणसमूहाला ‘लार्स’ म्हणतात. त्याची तीव्रता पाच प्रश्नांवरून मोजण्याची पद्धत डेन्मार्कमधील संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केली. 42 पैकी 30 किंवा अधिक गुण आले तर त्रास तीव्र समजतात. रोग्याची ही मनाची दुर्बलता नव्हे, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे.

याला अन्नाशी जोडणारी एक गोष्ट आहे. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते. हे प्रत्येक माणसाच्या बाबतीत घडते. म्हणूनच अनेकांना सकाळी दूध किंवा चहा घेतल्यावर शौचास होते. निरोगी माणसाचा गुदाशय हा वेग सांभाळून घेतो. तो नसलेल्या माणसाला घास आणि धावपळ यांचा थेट संबंध जाणवू लागतो. हळूहळू तो भुकेला नव्हे, तर जेवणालाच भिऊ लागतो.

भाऊंच्या घरी पहिली अडचण आली ती पिशवी असतानाच. लहान आतड्याचे तोंड पोटावर आणलेले असले की पाणी आणि क्षार भराभर बाहेर पडतात. सूर्यास्तानंतर पाणीही घ्यायचे नाही, हा भाऊंचा नेम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की शरीर कोरडे पडले तर मूत्रपिंडांवर ताण येईल. तेव्हा चौविहाराऐवजी तिविहार करावा, म्हणजे रात्री पाण्याची मोकळीक राहील, असे ठरले. क्षारयुक्त पेय रात्री लागलेच तर ते औषध म्हणून घ्यावयाचे. पच्चक्खाणांत आगार, म्हणजे सवलती, पूर्वाचार्यांनीच ठेवलेल्या आहेत आणि आजारपणात समाधी टिकावी यासाठीचा आगार त्यांत आहे, हे भाऊंना ठाऊक होते. तरीही पहिल्या रात्री पाण्याचा पेला हातात घेताना त्यांचे डोळे भरून आले.

दुसरी अडचण आहाराच्या छापील कागदाची. रुग्णालयातून मिळालेल्या त्या कागदावर उकडलेला बटाटा, शिजवलेले गाजर आणि प्रथिनांसाठी अंडे असे लिहिले होते. तीनही पदार्थ या घरात वर्ज्य. सूनबाईंनी कागद टाकून दिला नाही. आहारतज्ज्ञांना दूरध्वनी करून प्रत्येक पदार्थ कशासाठी सांगितला आहे, ते विचारून घेतले. बटाटा मळ घट्ट होण्यासाठी होता. त्याच्या जागी कच्चे केळे आणि मऊ भात आला. गाजराच्या जागी सोललेला दुधी. अंड्याच्या जागी ताजे पनीर, दही आणि सालीशिवायच्या मूगडाळीचे पातळ वरण. खिचडीबरोबर दही घ्या, असे आहारतज्ज्ञांनी सांगितले तेव्हा द्विदळाचा प्रश्न आला. दही आधी चांगले गरम करून मग वाढण्याची घरातील जुनीच रीत तेथे कामी आली. ज्वारीच्या व्यापाऱ्याच्या ताटातून ज्वारीची भाकरी मात्र काही महिने गेली आणि चाळलेल्या पिठाचा मऊ फुलका आला. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते म्हणून मटकी, बेसन, पापड होतात. नेमके तेच पदार्थ वायू करणारे. त्या दिवशी त्यांच्यासाठी तांदळाची उकड किंवा मूगडाळीचे वरण-भात वेगळे होऊ लागले.

पिशवी निघाल्यावर दोन-तीन महिन्यांनी भाऊ पुन्हा दुकानात बसू लागले. त्याच सुमारास त्यांची एकासने वाढली. आठवड्यातून एक, मग दोन, मग चार. सकाळी काही न घेता दुकानात जायचे, लिलाव, मापे, हिशेब आटोपून साडेचारला घरी यायचे आणि एकदाच पोटभर जेवायचे. एवढ्या आजारातून उठून हा माणूस तप करतो, याचे पेठेत कौतुक झाले. स्थानकात चार लोकांनी अनुमोदना केली. घरातही कोणी हरकत घेतली नाही. वजन मात्र पुन्हा घसरू लागले. संध्याकाळच्या भरल्या जेवणानंतर रात्री पाच-सहा वेळा उठावे लागे आणि सकाळी अंगात त्राण नसे.

भाऊंच्या पत्नी दुकानाच्या रोजमेळाप्रमाणे एका वहीत त्यांच्या खाण्याची नोंद ठेवत. कोणत्या वेळी काय खाल्ले आणि त्यानंतर किती वेळा जावे लागले, एवढेच त्यात असे. ती वही चाळताना त्यांना एक विसंगती दिसली. बाजार बंद असलेल्या दिवशी एकासन नव्हते. चतुर्दशी सुटीच्या दिवशी आली तर भाऊ दोन वेळा जेवले होते. साध्या मंगळवारी मात्र एकासन होते. त्या रात्री त्यांनी विचारले, “अहो, चौदशीला नाही आणि मंगळवारी एकासन, हे कोणतं तप?”

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले. दुकानात परतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात लिलाव चालू असताना वेग आला आणि ते वेळेत पोहोचू शकले नाहीत. गोदामाच्या मागच्या बाजूने, कोणाला न दिसता ते घरी आले होते. त्या दिवसापासून दुकान बंद होईपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. घरी कारण सांगावे लागू नये म्हणून एकासनाचे नाव घेतले. चाळीस वर्षे ज्यांच्या शब्दावर पेठेत सौदे झाले, त्या माणसाला ही गोष्ट पत्नीलाही सांगता आली नव्हती.

चातुर्मासासाठी गावात विराजमान असलेल्या महासतीजींकडे दोघे दुसऱ्या दिवशी गेले. महासतीजींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “तप आत्म्यासाठी असतं. लोकांच्या नजरेच्या धाकानं जे सोडलं, त्याला तप म्हणू नका. शरीर आधी सावरू द्या.” मग त्यांनी बाह्य तपाच्या सहा प्रकारांची आठवण करून दिली. अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानला आहे. त्याहून कमी घेऊन थांबणे ही ऊनोदरी. एका बैठकीला थोडेच खाणे ही भाऊंची गरजच होती. गरज म्हणून केलेली गोष्ट समजून आणि समभावाने केली तर तिची साधना होऊ शकते, असे त्यांचे सांगणे होते. नवकारसी आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण हे दोन्ही नेम ठेवूनही दिवसाचे दहा-अकरा तास हाती राहतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

डॉक्टरांचे म्हणणे वेगळ्या शब्दांत तेच होते. दिवसभर रिकामे ठेवलेले आतडे शांत राहत नाही, त्यात वायू वाढतो. आणि मोठ्या जेवणाने आतड्याला जोराची चालना मिळते. म्हणून थोडे थोडे, ठरावीक वेळी आणि चावून खावे. घरात बद्धकोष्ठतेवरचे म्हणून ओळखले जाणारे इसबगोल त्यांनी थोड्या पाण्यातून घ्यायला सांगितले, तेव्हा सगळ्यांना नवल वाटले. पण ते पाणी शोषून पातळ मळालाही घट्टपणा देते. दुकानात जाण्यापूर्वी खाताना अर्धा तास आधी घ्यायची वेग मंदावणारी गोळी, गुदद्वाराभोवतीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि ब-12 जीवनसत्त्वाची तपासणी, असे तीन उपायही त्यांनी सांगितले. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. शाकाहारी माणसात ते आधीच कमी असू शकते. या सर्व गोष्टी डॉक्टर पूर्वीही सांगू शकले असते; पण खरा त्रास त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

मग भाऊंचा दिवस नव्याने आखला गेला. सकाळी आठला मऊ फुलका आणि दही, साडेदहाला केळे, एकला वरण-भात व दुधीची भाजी, सव्वातीनला पनीर किंवा तांदळाची खीर, साडेपाचला पातळ खिचडी. चहा एकच वेळ, मिरची-लोणचे बंद. पाणी जेवणाबरोबर कमी आणि मधल्या वेळेत अधिक. नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि तीन दिवस वहीत पाहिल्यावर दुसरा. दुकानात गादीजवळची त्यांची जागा बदलून मागच्या दाराकडे केली. लिलावाच्या वेळी मुलगा उभा राहू लागला. पिशवीत कपड्यांचा एक जोड कायम असतो. वाईट दिवस अजूनही येतात. पण सहा महिन्यांत वजन साडेपाच किलोंनी वाढले आणि रात्रीच्या खेपा एक-दोनवर आल्या. वर्षाच्या शेवटी वहीत ‘अर्धी भाकरी, त्रास नाही’ अशी नोंद झाली. पुढच्या संवत्सरीला त्यांनी उपवास केला नाही. डॉक्टरांना विचारून, महासतीजींकडून पच्चक्खाण घेऊन बियासन केले.

असा त्रास बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत कमी होत जातो; काहींना तो थोडाफार कायम राहतो. ‘लोक बरे होतात, तुम्हीच का नाही’ असे म्हणून घरच्यांनी तुलना करू नये. प्रत्येकाचे आतडे वेगळे असते. भाऊंना जे मानवले ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही. म्हणून वही ज्याची त्याने ठेवावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी. शौचावाटे रक्त गेले तर मूळव्याध हे स्वतःच ठरवून थांबू नये, हेही या हकीकतीतून घ्यावयाचे आहे.

लग्नकार्यात होणाऱ्या मनुहारीबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ताटात आग्रहाने घातलेला एक लाडू निरोगी पाहुण्याला प्रेमाचा वाटतो. अशा माणसाला तो रात्रभराची शिक्षा असतो. त्याने एकदा पुरे म्हटले की पुरे समजावे. त्याला पंगतीच्या कडेला, उठता येईल अशी जागा द्यावी आणि तो मधेच उठला तर कोठे चालला म्हणून विचारू नये.

साधू-साध्वींना भेटताना सुखसाता विचारण्याची जैन समाजात रीत आहे. घरातील आजारी माणसालाही ती तशीच विचारावी, आणि ‘बरे आहे’ या उत्तरावर थांबू नये. जेवण कसे गेले, पोट कसे आहे, रात्री किती वेळा उठावे लागले, हे विचारण्यात संकोच नको. विशेषतः आजारपणानंतर एखाद्याचे तप एकाएकी वाढले, तर अनुमोदना करण्यापूर्वी त्याच्याजवळ क्षणभर बसावे आणि शांतपणे विचारावे, “भूक लागते ना?”