माल रोको

आमच्या नरखेडात पूर्वी समुद्राचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. बंडीतून संत्र्याच्या पेट्या स्टेशनावर जायच्या, तिथून दिल्लीकडे नाहीतर कलकत्त्याकडे. लाकडी पेटी, तळाशी तणस, वर एकेक फळ हातानं बसवलेलं, पुन्हा तणस, मग फळीवर खिळे. पेटी भरणारा माणूस दोन बोटांनी फळ दाबायचा आणि ‘हे वाटेत सडते’ म्हणून बाजूला टाकायचा. तरी सड व्हायचीच. त्या काळाचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. डबा वाटेत अडकला की हमाली-भाडं कापून पट्टी नावापुरती हाती यायची. पण बाजार पडला तर व्यापाऱ्याची तार यायची: माल रोको.

पाण्याची भीती होती ती नदीची. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं आमच्या जवळचं मोवाड उद्ध्वस्त केलं, २०४ माणसं गेली. समुद्रातली वादळं मात्र रेडिओवरच राहायची.

आता प्लास्टिकची कॅरेट, फळावर मेणाचा थर. बांगलादेशानं २०१९ पासून संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं तशी नजर आखाताकडे वळली. २०२० च्या फेब्रुवारीत नागपुरी संत्र्याचा कंटेनर जहाजानं दुबईला निघाला. आंबिया बहाराचा तोडा ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगामही नेमका तेव्हाच. २००९ चं फयान वादळ नोव्हेंबरातलं. २०१९ च्या दिवाळीनंतर क्यार आणि महा एकाच वेळी घोंगावत होती. समुद्र तापतोय तसा वादळांचा जोर वाढतोय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं जेएनपीटी बंदराचं काम थांबवलं, तेव्हा आंबियाची फळं झाडावर बारकी, हिरवी होती, म्हणून निभावलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचं काम. लाटा वाढल्या तर धक्का किती उंच हवा, हे तज्ज्ञ पाहतीलच. पण बंदर बंद पडल्यावर तिथं अडकलेल्या शीतकंटेनरला वीज कुठून मिळणार? बाहेर ऊन तसंच, आत संत्री. जहाजं वादळानंच अडतात असंही नाही: २०२३ मध्ये पनामा कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून सरोवराचं पाणी घटलं आणि कालव्यातून जाणारी जहाजं कमी करावी लागली. बोअर आटलेली पाहिलेल्या आमच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हवामान खात्याचा इशारा बंदराला आणि मच्छीमारांना जातो. बंदरानं तोच पुढे पॅकिंग हाऊसला धाडला पाहिजे, तोडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. पिकलेलं फळ झाडावर चार-सहा दिवस सहज थांबतं. मजुरांना तेवढा निरोप द्यावा लागतो.