बारीक टायपातील नावे

मनुष्यास काहीतरी जमविण्याचा नाद असतोच. कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी. मी नावे जमवितो. हॅरिस ढाल ही सोळा वर्षांखालील मुलांची, जाइल्स ढाल त्यांहून लहानांची. या शालेय सामन्यांत आणि पुढे पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये जी मुले चमकून जातात, त्यांची नावे मी एका लांबोळ्या वहीत उतरून ठेवतो. मी मुलुंडला राहतो. तेव्हा उपनगरांतल्या मुलांकडे माझे मन अंमळ अधिक ओढ घेते, हा पक्षपात मी नाकबूल करीत नाही.

वहीत नाव, शाळा, धावा, बळी असे रकाने आहेत आणि अगदी शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना आहे. तो बहुधा कोराच राहतो. एखाद्या मुलाने या आठवड्यात सहा बळी घ्यावेत आणि पुढल्या आठवड्यात त्याचे नाव संघातून नाहीसे व्हावे, असे वारंवार घडते. ताप आला, परीक्षा आली, वडिलांची बदली झाली, की पाय मुरगळला? बारीक टायपातल्या धावफलकास कारणे देण्याइतकी जागा नसते. हल्ली तर तो वृत्तपत्रातूनही पुष्कळसा उठला असून दूरध्वनीच्या पडद्यावर शोधावा लागतो.

मनुष्य मोठा झाला म्हणजे मात्र त्याच्या घोट्याचीही बातमी होते. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेतून, दिनेश लाड यांच्या हाताखालून पुढे आलेला रोहित शर्मा २०१० च्या फेब्रुवारीत नागपूरला पहिली कसोटी खेळणार, हे ठरले होते. त्याच सकाळी अंग मोकळे करण्यासाठी म्हणून चाललेल्या फुटबॉलच्या खेळात त्याचा घोटा दुखावला आणि राखीव यष्टीरक्षक वृद्धिमान साहाला फलंदाज म्हणून उतरविण्यात आले. रोहितचे कसोटीपदार्पण त्यानंतर पावणेचार वर्षांनी, २०१३ च्या नोव्हेंबरात कोलकात्यास झाले. तेथे त्याने १७७ धावा केल्या खऱ्या. पण मधली पावणेचार वर्षे कोणत्या रकान्यात लिहावयाची?

योगायोग असा की, त्याच शाळेच्या, त्याच गुरूच्या दुसऱ्या शिष्याच्या वाट्यासही असाच दिवस आला. पालघरकडचा शार्दूल ठाकूर २०१८ च्या ऑक्टोबरात हैदराबादला पहिली कसोटी खेळावयास उतरला, दहा चेंडू टाकले आणि जांघेतला स्नायू धरून मैदानाबाहेर गेला. दुसरी कसोटी मिळावयास २०२१ चा जानेवारी उजाडला. ब्रिस्बेनच्या त्या सामन्यात त्याने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावाही काढल्या.

पण दुखापत हे एकच कारण असते, असे नाही. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सगळे जग त्या दोघांकडे पाहते. मला त्या सामन्यात अधिक आकर्षण पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या अमोल मुजुमदारचे वाटते. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा जमविल्या, आणि तरी भारताच्या संघात त्याची पाळी आलीच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. असा शेरा लिहावयास सदतीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि इतकी वर्षे वही जपणारे फारच थोडे!

माझ्या वहीतही एक नाव असे अडकून राहिले होते. आमच्याच बाजूचा, चौदा वर्षांचा जलद गोलंदाज. दोन हंगाम नाव सतत येत होते, मग एकदम थांबले. अखेर एके दिवशी स्टेशनाजवळच्या औषधांच्या दुकानात कोणी त्याच्या वडिलांस नावाने हाक मारली, आणि मी धीर करून चौकशी केली.

“पाठीच्या मणक्याला बारीक चीर आहे,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणतात, वाढत्या वयात फार गोलंदाजी झाली. सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही.” मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारले, “आपण त्याचे मास्तर का?”

मी कोण, हे सांगणे मोठे अवघड होते. परक्या मुलाच्या धावा आणि बळी टिपून ठेवणाऱ्या गृहस्थास आपल्या भाषेत नाव नाही. “खेळ पाहतो त्याचा,” एवढेच मी म्हटले. ते क्षणभर थांबले. “घरात आता कोणी क्रिकेटचे नाव काढत नाही,” ते म्हणाले, “तुम्ही विचारलेत, त्याला सांगतो.” त्यांनी सांगितले की नाही, मला ठाऊक नाही, परंतु त्या रात्री वही उघडताना प्रथमच असे वाटले की, मी ज्यास नाद म्हणतो, त्याच्या पलीकडच्या टोकास एक मूल पाठीवर उताणे निजून आढ्याकडे पाहत आहे.

कांगा लीग १९४८ साली सुरू झाली, ती मुंबईच्या भर पावसात खेळण्याकरिताच. उघडी ओली खेळपट्टी, वाढलेले गवत, निसरडी धाव: पाठ नुकती सांधलेल्या जलद गोलंदाजाने तेथे उतरू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. दोन पावसाळे मी खालच्या विभागांचे धावफलक त्याचे नाव सापडू नये अशा इच्छेने आणि सापडावे अशा आशेने चाळले. गेल्या पावसाळ्यात ते सापडले. चार षटके, अकरा धावा, एक बळी. षटके जलद होती की फिरकीची, हे धावफलकात लिहीत नाहीत.