माझा नापास दाखला

एम. ए.च्या वर्गात 'ख्रिस्तपुराण' निघाले की माझी स्वारी खुशीत असते. एका इंग्रज पाद्र्याने, फादर स्टीफन्सने, अकरा हजारांच्या घरात मराठी ओव्या रचाव्यात आणि त्या १६१६ साली गोव्यात राचोलला रोमन लिपीत छापल्या जाव्यात, हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. त्याच भरात मी गेली अकरा वर्षे ठोकून देत आलो, की येशू म्हणजे त्यांचा अवतारच. आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे आपले दत्तात्रेय! मुलांना हे पटे. माझ्या गृहिणीलाही पटले होते.

दोन वर्षांमागे वसईकडच्या एका अबोल मुलीने वहीत तसेच उत्तर लिहिले. खाली पेन्सिलीने एक ओळ होती : 'सर, हे गुणांसाठी लिहिले. आमच्या घरी असे मानत नाहीत.' मी गुण दिले आणि वही मुकाट्याने परत केली. तो मुकाटपणा मला पुढे फार छळू लागला.

पुण्यात नगर रस्त्यावर, १९५५ साली कँडीहून आलेले पाद्र्यांचे विद्यालय आहे. तिथे ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या एका फादरांना गाठले. मला वाटले होते, प्रवचन ऐकावे लागणार. निघाले व्याकरण! सृष्टी, पाप, देहधारण, तारण, कृपा : एक प्रत्यय चुकला की सारे वाक्य कोसळावे, तशी ही प्रकरणे एकमेकांना टेकून उभी.

"तुमचे अवतार युगायुगांत पुन्हा येतात," फादर म्हणाले. "आमचे देहधारण एकदाच. आणि तो माणूस पुरता माणूस हवा. भूक लागणारा, मरणारा. नाहीतर माणसाचे तारण झाले कुठे?" पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की केवळ तत्सम, यावर चौथ्या शतकात केवढे रण माजले, दोन ग्रीक शब्दांत फरक एका अक्षराचा! ३२५ साली नायसियाच्या परिषदेने 'त्याच तत्त्वाचा' म्हटले, ४५१ साली कॅल्सिडोनने 'पूर्ण देव आणि पूर्ण मानव' म्हटले. ऱ्हस्वदीर्घासाठी गुण कापणाऱ्या मला हे लोक एकदम आपले वाटले.

"आणि दत्तात्रेय?" मी चाचरत विचारले.

"एकच देव, रूपे तीन, असे सॅबेलियस म्हणत असे. सर, तुमचा दाखला तिसऱ्या शतकातच नापास झालाय."

"पण स्टीफन्सनेही स्वर्गाला वैकुंठ म्हटलेच की!"

"म्हटले. पण त्या शब्दाबरोबर काय काय घरात येईल, हे त्याला ठाऊक होते."

यंदा वर्गात मी पहिल्याच तासाला माझी चूक सांगून टाकली. ती मुलगी केव्हाच पास होऊन गेली होती. तिच्या जागी बसलेल्या मुलाने हात वर केला.

"सर, मग परीक्षेत नक्की काय लिहायचं?"