मोर, कुबड्या आणि नदीकाठचा उपदेशक

राजधानीपण गेले की गावाला एक निवांतपणा येतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मिलजव्हिलला तो १८६८ साली आला. जॉर्जिया राज्याची राजधानी तेव्हा अटलांटाला गेली. आज येथे पांढऱ्या खांबांचे जुने वाडे, एक कॉलेज आणि जागोजाग चर्च, एवढेच काय ते पाहण्यासारखे.

मी गेलो तो फ्लॅनरी ओकॉनर या लेखिकेचे घर पाहायला. अटलांटाहून मोटारीने दोन तास. भाच्याची समजूत अशी, की मराठीच्या प्राध्यापकाने अमेरिकेत येऊन नायगारा पाहावा. "मामा, शेत बघायला एवढ्या लांब?" असे त्याने वाटेत दोनदा विचारले.

शेत खरेच आहे. सुमारे साडेपाचशे एकरांचे, नाव अँडलूसिया. १९५१ मध्ये बाई येथे राहायला आल्या त्या ल्युपसचे दुखणे घेऊन. वडील १९४१ मध्ये त्याच रोगाने गेलेले. आई दूधदुभत्याचा धंदा पाही, बाई सकाळी लिहीत आणि मोर पाळीत. आपल्याकडे सरस्वती मोरावर बसते, तेव्हा मला हे अगदी रीतसर वाटले. आईचा राग मात्र मोर फुलझाडे खातात म्हणून! जिना चढवेना, म्हणून बाईंची निजायची खोली तळमजल्यावर. तेथे एक अरुंद पलंग आहे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कुबड्या.

मुलूख बाप्टिस्टांचा आणि बाई रोमन कॅथलिक. म्हणजे गावातल्या असून थोड्या बाहेरच्या. विनोदी लेखकाला याहून चांगली जागा मिळत नाही. त्यांच्या 'ग्रीनलीफ' कथेतली एक बाई वर्तमानपत्रातली अपघात आणि सिनेनटांचे घटस्फोट यांची कात्रणे रोज जमिनीत पुरते आणि वर लोळण घेऊन साऱ्या दुनियेच्या दुखण्यांसाठी देवाला हाका मारते. तिचे घर मात्र झाडायचे राहून जाते.

'द रिव्हर' कथेत एक तरुण उपदेशक नदीत उभा राहून प्रवचन करतो. चार-पाच वर्षांचा एक शहरी मुलगा सांभाळणाऱ्या बाईबरोबर तेथे आला आहे. त्याची आई आजारी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा, असे ही बाई भक्तिभावाने सांगते. आईला फार दुखते का, असे उपदेशकाने विचारताच पोरगे सरळ सांगून टाकते, की ती अजून उठलेलीच नाही, रात्रीची उतरायची आहे! काठावर कानाच्या वर गाठ असलेला एक म्हातारा बसलेला असतो. आपण अजून बरे झालो नाही, हे दाखवायला तो मुद्दाम येतो.

येथे भाचा मोठ्याने हसला. मोटारीच्या आरशाला त्याच्या आईने पाठवलेली अंगाऱ्याची पुडी लटकत होती.

पण बाई त्या कुचेष्टेखोर म्हाताऱ्याच्या बाजूच्या नाहीत. त्यांचा उपदेशक भोंदू नाही. दुखणी पळवायला मी आलो नाही, असे तो ओरडून सांगतो. ऐकायला कोणी तयार नसते. ऐकतो तेवढा तो मुलगा. दुसऱ्या दिवशी तो एकटाच नदीत शिरतो, देवाचे राज्य शोधायला, आणि परत येत नाही. आपण कशाला हसत होतो, असे वाटेपर्यंत कथा संपलेली असते.

हे लिहिणाऱ्या बाई स्वतः कुबड्यांवर चालत होत्या. १९५८ मध्ये एका नातलग बाईंच्या खर्चाने माय-लेकी फ्रान्समधल्या लूर्दला गेल्या. तेथल्या झऱ्याच्या पाण्याने रोग बरे होतात अशी श्रद्धा आहे. बाई देव मानणाऱ्या, पण हे स्नान त्यांच्या अगदी जिवावर आले होते. तरी उतरल्या पाण्यात. मागणे मागितले ते हाडांसाठी नव्हे, हातातल्या कादंबरीसाठी, असे त्यांनी पुढे पत्रात कळवले. त्याच वर्षी डॉक्टरांनी कमरेचे हाड सुधारत असल्याचे सांगितले. कादंबरीही पुरी होऊन १९६० मध्ये निघाली. बाई ३ ऑगस्ट १९६४ रोजी गेल्या, वयाच्या ३९ व्या वर्षी.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मागितले ते मिळाले, आणि न मागितलेलेही थोडेसे मिळाले. मग मामा, याला गुण आला म्हणायचे की नाही?"

"तू समोर बघून मोटार चालव," मी म्हटले.